ओनायडा शिकतोय: उपसर्ग बसले आणि डिक्शनरी सापडायला लागली

ओनायडाच्या ऑनलाइन डिक्शनरीत शब्द टाकला तर मिळतच नाही, ही तक्रार आपल्यातल्या बऱ्याच जणांची आहे, त्यामुळे यावेळची प्रगती फक्त त्याबद्दलच लिहितो.

नवीन मंडळींसाठी पटकन: ओनायडा ही उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या इरोक्वॉय कुळातली भाषा, त्याच कुळातल्या मोहॉकच्या अगदी जवळची. मूळ मुलूख न्यूयॉर्क राज्यातला, पण 1820 च्या दशकात बरेच लोक विस्कॉन्सिनमध्ये ग्रीन बेजवळ गेले आणि 1840 च्या सुमारास काही जण कॅनडात ऑन्टारिओमध्ये थेम्स नदीकाठी, म्हणून आज लोक तीन ठिकाणी आहेत आणि लहानपणापासून ही भाषा बोलणारे फारच थोडे उरलेत. मी वापरतो ती विस्कॉन्सिनवाली डिक्शनरी.

आता मुद्दा. यात क्रियापद एकटं कधी उभंच राहत नाही, पुढे कर्त्याचा उपसर्ग लागतोच. क्नूंवेहसे म्हणजे मला ते आवडतं, स्नूंवेहसे तुला आवडतं, लनूंवेहसे त्याला आवडतं, येनूंवेहसे तिला आवडतं. डिक्शनरीत मात्र नोंद धातूची असते, म्हणजे 'नूंवे'ची, त्यामुळे गोष्टीत लनूंवेहसे वाचून तुम्ही 'ल' खाली शोधत बसलात तर हाती काहीच लागणार नाही. आधी पुढचा तुकडा सोलायचा, मग शोधायचं. मी एक शीट केलंय, डावीकडे उपसर्ग, उजवीकडे त्यांची व्यंजनाआधीची आणि स्वराआधीची रूपं, आणि ते पाठ व्हायला लागल्यापासून खरंच फरक पडलाय, आधी अख्खं वाक्य अडायचं, आता एखादाच तुकडा अडतो.

नामं पण क्रियापदात घुसतात. कनुंहसा म्हणजे घर, आणि मोठं घर म्हणजे कनुंहसोवानं, यात 'नुंहस' घराचा आणि 'ओवानं' मोठं असण्याचा. हा एक शब्द शोधायला दोन नोंदी उघडाव्या लागतात, पण एकदा जमलं की जाम मजा येते कारण पुढचे दहा शब्द आपोआप फुटायला लागतात.

सगळ्यात जास्त वेळ मी नात्यांच्या शब्दांवर घालवला आणि मला वाटतं प्रत्येकाने तिथूनच सुरुवात करावी. अक्सोथा माझी आजी, लक्सोथा माझे आजोबा. यातला 'लक' म्हणजे 'तो मला', म्हणजे आजोबा हा शब्द मुळात 'ते माझे आजोबा लागतात' असं वाक्यच आहे. वडील लकेनिहा, तिथेही तेच. पण मुलगा म्हणायचा तर दिशा उलटते, लियंहा, आणि 'लि' म्हणजे 'मी त्याला', मुलगी खेयंहा. मोठ्यांकडून लहानांकडे नातं वाहतं आणि उपसर्ग ते बरोब्बर दाखवतो. हे कळल्यावर कुणी कुणाला काय केलं हे सांगणारे उपसर्ग घोकायची गरजच पडली नाही, घरातली माणसं आठवली की झालं. 'कुनोलुंह्क्वा' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे, यातला 'कु' पण त्याच घरातला, मी तुला.

मराठी बोलणाऱ्यांना इथे एक आयता फायदा आहे. आपण आणि आम्ही हा फरक ओनायडात पण आहे, 'त्व' म्हणजे तुला धरून आपण, 'यक्व' म्हणजे तुला वगळून आम्ही. वर दोघांसाठी वेगळं, 'त्नि' आणि 'यक्नि', म्हणजे शाळेतल्या संस्कृतचं द्विवचन आठवा. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना चार चौकटी डोक्यात तयार करायला लागतात, आपल्याकडे निम्म्या आधीच आहेत.

आणि प्लीज, ऑडिओ ऐकल्याशिवाय एकही शब्द पाठ करू नका. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या शब्दाचं शेवटचं अक्षर कुजबुजल्यासारखं होतं, लिहिताना त्याखाली रेघ मारतात, आणि तोच शब्द वाक्याच्या मधे आला की नीट आवाजात येतो. हे वाचून कळत नाही. डिक्शनरीत मरिया हिंटन यांच्या आवाजात हजारो रेकॉर्डिंग आहेत, त्या आणि त्यांचे भाऊ एमस क्रिस्टजॉन यांनी भाषाशास्त्रज्ञ क्लिफर्ड ॲबट यांच्यासोबत 1996 ची छापील डिक्शनरी केली होती. मरियाबाई 2013 साली गेल्या, शंभरी ओलांडून. म्हातारपणी एकेक शब्द बोलून ठेवायचं काम त्यांनी केलं म्हणून आज कुठेही बसलेला माणूस एका क्लिकवर तो उच्चार ऐकू शकतो, मला याबद्दल त्यांचे फार उपकार वाटतात. लिहायची पद्धत त्याहून जुनी, 1938 च्या सुमारास ग्रीन बेजवळच्या ओनायडा लोकांनी सरकारी रोजगार योजनेत स्वतःच्या गोष्टी लिहून काढल्या त्या कामातली. ते काम सांभाळणारा विद्यार्थी फ्लॉइड लाउन्सबरी, ज्याने पुढे मध्य अमेरिकेतली प्राचीन माया लिपी वाचण्यात मोठं काम केलं.

टायपिंगचं छोटंसं: अं साठी उलटा व्ही वापरतात, काही जण टोपीचं चिन्ह टाकतात, आणि घशातल्या झटक्यासाठी प्रश्नचिन्ह, त्यामुळे शब्दाच्या मधे प्रश्नचिन्ह दिसलं तर वाक्य संपलं असं समजू नका. प, ब, म नाहीत, बोलताना ओठ मिटायचे नाहीत, आरशासमोर सराव केला तर लगेच कळतं.

सध्या क्रियापदांची तीन रूपं चालू आहेत, नेहमीचं, एकदा घडलेलं आणि होऊन राहिलेलं. डिक्शनरीत एकाच नोंदीखाली ती मिळतात, पण शेपूट प्रत्येक धातूला वेगळं, त्यामुळे नियम शोधण्यापेक्षा ऐकून बसवतोय. ते जरा बसलं की 1938 च्या गोष्टींपैकी एक छोटी घेऊन शब्द न शब्द सोलायला घेणार, कोणाला सोबत करायची असेल तर सांगा, शीट शेअर करतो.