तेहेतीस टेपा आणि थोडं वर

आधी एक सांगून ठेवते. शाळेच्या गेटसमोर विकतात त्या पुड्या-सुपारीची तक्रार करायची असेल, तर अर्जाच्या दोन प्रती काढा, आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. पहिल्या वेळी मी हलले. तीन आठवड्यांनी गेले तर "असा अर्जच आलेला नाही ओ."

मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहते, शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला आहे. मुलगा गल्लीतल्याच शाळेत, चौथीत. आमच्या पूर्व भागात सकाळ म्हणजे यंत्रमागाचा खडखडाट. निम्म्या आया विडीची पानं कापत बसलेल्या, उरलेल्या माझ्यासारख्या कारखान्याला पळणाऱ्या. त्यात पाणी येतं चार-पाच दिवसांआड. ज्या दिवशी येतं त्या दिवशी तर चूलच उशिरा पेटते. डब्याऐवजी पोराच्या हातावर दहा रुपये ठेवायचे, झालं. त्या दहा रुपयांत गेटबाहेर काय मिळतं? मसाल्याची पाच रुपयांची पुडी आणि लाल नाहीतर हिरवी पेप्सी. शाळेत खिचडी मिळते, पण पुडी खाऊन भरलेल्या पोटाला खिचडी कशी जाणार?

जाऊ जुळे सोलापूरला राहते. तिच्या मुलीच्या शाळेसमोर गाडाही नाही, टपरीही नाही. आत कँटीन, तिथं मटकीची उसळ, फळं. "आमच्याकडं पालकच ऐकून घेत नाहीत," असं ती सहज म्हणाली. मला ते लागलं. आम्ही काय ऐकून घेतो म्हणून घेतो का? पालकसभेला जायचं तर आमची अर्धी हजेरी जाते.

मग एका रविवारी कपडे भिजवताना पोराच्या खिशात सुगंधी सुपारीची रिकामी पुडी सापडली. "मोठ्या पोरांनी दिली," म्हणाला. सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली.

भाचीनं मोबाइलवर नियम काढून दिले होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2020 चे नियम, जुलै 2021 पासून लागू: जास्त तेल, साखर, मिठाचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. तंबाखूचा कायदा वेगळा, 2003 चा: शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत विक्री बंद. गुटखा तर राज्यात 2012 पासूनच बंद आहे. एवढं सगळं कागदावर आहे म्हटल्यावर मला वाटलं, आठ दिवसांचं काम.

पहिल्या ऑफिसात सांगितलं, "रस्त्यावरचा गाडा म्हणजे अतिक्रमण, ते आमच्याकडं नाही." दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, "खायची वस्तू आहे ना? मग ते आमच्याकडं नाही." नावं घेत नाही. दोन्हीकडचे पंखे सारखेच कुरकुरत होते. तीन फेऱ्यांनंतर पहिल्या ऑफिसातल्या साहेबांनी माझा अर्ज हातात तरी घेतला. वाचला. आणि विचारलं, "अंतर किती?"

"गेटसमोरच आहे की ओ."

"समोर म्हणजे किती मीटर? मोजून आणा."

मी मोजायचं? त्यांच्याकडं माणूस नाही म्हणे. बरं, कुठून मोजायचं? गेटपासून की भिंतीपासून? आमच्या शाळेला दोन गेट, मागचं कायम कुलपात. साहेब म्हणाले, "ते तुम्ही बघा." आणि शंभर यार्ड म्हणजे किती, हे त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं. शेजारच्या टेबलानं मोबाइल काढला. शेवटी मीच सांगितलं. साहेब, यार्ड म्हणजे वार. नऊवारीतला वार. तीन फूट. शंभर वार म्हणजे एक्क्याण्णव मीटर. आयुष्य कापड मोजण्यात गेलंय माझं.

रविवारी शिवणाची टेप घेऊन गेले. दीड मीटरची टेप, एक टोक पोराच्या हातात, एक माझ्या, आणि प्रत्येक टेपेला खडूची रेघ. 50 मीटर म्हणजे तेहेतीस टेपा आणि थोडं वर. अख्खी गल्ली बघायला जमली. कुणी म्हणालं रस्ता रुंद होणार, कुणी म्हणालं बाईला नगरसेवक व्हायचंय.

अक्काचा गाडा आठव्या टेपेला, बारा मीटरवर. खारे शेंगदाणे, बोरकूट, पेप्सी आणि त्या पुड्या. पक्क्या बांधकामाचं, दारात कंपनीच्या चित्रांचा मोठा फ्रीज असलेलं दुकान एकोणचाळिसाव्या टेपेला. साडेअठ्ठावन्न मीटर.

म्हणजे फ्रीजवाला सुटला. सापडली अक्का. नवरा गेल्यावर त्या गाड्यावर तिनं दोन पोरी शिकवल्यात. खडू हातात घेऊन मी तिथंच उभी राहिले. ती बघत होती. "नुव्वेना?" तेलुगूत एवढंच म्हणाली. तूच का?

खरं सांगते, त्या रात्री अर्ज फाडणार होते. पण सुपारी अक्का विकत नाही, ती मिळते फ्रीजवाल्याकडं, तंबाखूच्या माळांशेजारी. आणि साडेअठ्ठावन्न मीटर म्हणजे चौसष्ट वार, शंभराच्या आत! मग अर्ज नव्यानं लिहिला. आधी तंबाखू, सुपारी आणि त्या दुकानाचा नकाशा. पुड्या आणि पेप्सीचं त्याखाली, गाड्याचं नाव न घेता. खडूच्या रेघांचे फोटो जोडले.

त्यावरही महिनाभर काही नाही. मग माहिती अधिकार. त्याचं ध्यानात ठेवा: आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. "आमच्या कार्यालयाशी संबंधित नाही" असं म्हणून ते परत पाठवायला बघतात. म्हणून अर्जाच्या शेवटी लिहायचं की संबंधित नसल्यास कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं वर्ग करावा. हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर चार फेऱ्या आणि दोन हजेऱ्या वाचल्या असत्या. "माझ्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली?" एवढंच विचारलं होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी गल्लीत जीप आली. उत्तराचा कागद नंतर आला.

दुकानातल्या माळा उतरल्या. दंड किती झाला, तर तंबाखूच्या त्या कलमात कमाल दोनशे रुपये. माझ्या एका दिवसाच्या हजेरीपेक्षाही कमी! फ्रीज जागच्या जागी. गाड्याचं नाव मी लिहिलं नव्हतं, तरी जाता जाता अक्काला "हटव इथून" म्हणून गेलेच. चार दिवस तिचा गाडा दिसला नाही. मला जेवण गोड लागेना. शाळेच्या भिंतीवर मात्र 50 मीटरचा बोर्ड रंगवलाय, अक्षर चांगलं आहे.

जाऊला फोनवर सगळं सांगितलं. "एवढं मोजत बसावं लागतं?" म्हणाली. तिला नाही लागत.

पाचव्या दिवशी गाडा परत आला, फ्रीजवाल्याच्या पलीकडं, चाळिसाव्या टेपेला. पोरं आता रस्ता ओलांडून पळतात, तो नवा घोर. माझ्याशी अक्का महिनाभर बोलली नाही. परवा कामावरून येताना तिनंच हाक मारली, तिखट-मीठ लावलेला पेरू कागदात गुंडाळून पुढं केला. पैसे देऊ केले तर घेईना.

"खा. पन्नासच्या बाहेरचा आहे."