सुपरचार्जर बसवला, पण पेट्रोल पुरेना

सांगलीला बाबांचं दुचाकीचं गॅरेज होतं. कुणी बुलेटला मोकळा सायलेन्सर लावून आला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेट बदललास का?" गिऱ्हाईक गोंधळायचं. सायलेन्सर मागं, कार्बोरेटर पुढं, त्यांचा काय संबंध? बाबा कधी समजावून सांगत बसले नाहीत. मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक तोटी) काढायचे, एक नंबर मोठा घालायचे, प्लगच्या रंगावरून पेट्रोल बरोबर पडतंय का बघायचे आणि गाडी हवाली करायचे. हवा वाढली की पेट्रोल वाढवायचं, हे मी तिथं स्टुलावर बसून शिकलो.

म्हणून मी अमेरिकेत मिशिगनमध्ये माझ्या २००७च्या फोर्ड मस्टँग जीटीसाठी जुना सुपरचार्जर विकत घेतला, तेव्हा पेट्रोलचा विचार केलाच नव्हता असं नाही. केला होता. पण तो इंजेक्टरपाशीच, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांपाशीच, थांबला होता.

सुपरचार्जर सेंट्रिफ्यूगल जातीचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी, पट्ट्यावर फिरणारी आणि आरपीएमबरोबर दाब वाढवत नेणारी पंखाचक्की. विकणाऱ्याने हेड युनिट, ब्रॅकेट, इंटरकूलर, पाइप सगळं दिलं. इंधनाकडचे भाग मात्र त्याने दुसऱ्या गाडीसाठी ठेवून घेतले होते. "ते काय, कुठंही मिळतात," असं तो म्हणाला. मिळतात, खरं आहे. पण कोणते घ्यायचे, हे ठरवायला माझे दोन आठवडे गेले.

त्या दोन आठवड्यांचा हिशेब इथं मांडतो, कारण बरेच जण तो करत नाहीत आणि "सगळे हेच लावतात" म्हणून तेच लावतात. माझ्या गाडीत ४.६ लिटरचं व्ही-८ आहे, तीन व्हॉल्व्हचं, कंपनीतून ३०० हॉर्सपॉवर आणि ९.८ कॉम्प्रेशनचं. बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, ८ पीएसआय (दर चौरस इंचाला ८ पाउंड) दिला तर इंजिनात साधारण दीडपट हवा जाते. गणिताने आकडा ४६०च्या आसपास येतो. गरम हवेचा तोटा धरून मी ४५० पकडले. सुपरचार्जर लावलेलं इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६२ पाउंड पेट्रोल पितं. बिनसुपरचार्जरच्या इंजिनाला अर्ध्या पाउंडात भागतं. इथं जास्तीचं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवायला लागतं. ४५० गुणिले ०.६२, म्हणजे तासाला २७९ पाउंड. आठ इंजेक्टरांत वाटले आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू द्यायचा नाही असं ठरवलं, तर प्रत्येकी ४१ पाउंड लागतात. गाडीतले मूळ इंजेक्टर २४ पाउंडांचे. सगळीकडे सुचवले जातात ते ३९चे, आणि माझ्या आकड्याला तेही काठावर पडत होते. मी ४७चे घेतले. घेताना एक बघितलं, की कुणी इंजेक्टर ३९ पीएसआय दाबाला मोजतो तर कुणी ४३.५ला. डब्यावरचा आकडा तोच, पण गाडीत पडणारं पेट्रोल वेगळं.

पंपाचं गणितही तसंच. २७९ पाउंड म्हणजे तासाला साधारण १७० लिटर. वर वीसेक टक्के राखीव धरायचे. पंपाच्या जाहिरातीतला आकडा मात्र साडेतेरा व्होल्टला आणि सौम्य दाबाला काढलेला असतो. इंजेक्टरच्या तोंडाशी ८ पीएसआय बूस्ट उलटा रेटत असेल, तर रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ४०ऐवजी ४८ पीएसआय ठेवावा लागतो. दाब चढला की पंपाची धार बारीक होते. म्हणून मी शेल्बी जीटी ५००ची (मस्टँगच्याच जास्त ताकदीच्या आवृत्तीची) दोन पंपांची जोडी घ्यायची ठरवली. ती या टाकीत बसते, तिच्या प्रत्येक पंपाला वेगळं ड्रायव्हर मॉड्यूल (पंपाचा जोर कमी-जास्त करणारा डबा) असतं, आणि मोडीत निघालेल्या गाडीतून ती मिळते.

मार्चमध्ये काम काढलं. गॅरेजमधला गॅसचा हीटर बंद केला, शटर अर्धं वर केलं, आणि दोन स्वेटर घालून बसलो. पेट्रोलचं काम आणि हीटरची ज्योत एका छताखाली नको, यावर घरात वाद झाला नाही. बायकोची अट एकच होती, ती घरात असताना टाकी उघडायची नाही. तिने मुलांना घेऊन मैत्रिणीकडे जायचं ठरवलं आणि मला आग विझवायचा सिलिंडर हातात देऊन निघून गेली.

मस्टँगची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी. मधून प्रॉपेलर शाफ्ट जातो, दोन्ही बाजूंना दोन पोटं. पंप एकाच पोटात, आणि दुसऱ्या पोटातलं पेट्रोल परतीच्या धारेच्या जोरावर ओढून इकडं आणलं जातं. मागची सीट उचलली की खाली झाकणं दिसतात, म्हणजे टाकी खाली उतरवायला लागत नाही. मी आठवडाभर गाडी फिरवून टाकी जवळजवळ रिकामी केली होती. पंपाचा फ्यूज काढला, इंजिन चालू केलं, ते आचके देत बंद पडलं. रेलमधला दाब उतरला.

इथवर सगळं पुस्तकासारखं. मग टाकीच्या तोंडावरची लॉक रिंग. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीच्या कुठल्या फटीत जाऊन बसेल सांगता येत नाही. रिंग गंजून टाकीचाच भाग झाली होती. लोखंडी छिन्नी वापरायची नाही, ठिणगी पडली तर संपलं. पितळी ड्रिफ्ट आणि हातोडी घेऊन चाळीस मिनिटं टकटक केली, मध्ये गंज सोडवणारं तेल, पुन्हा टकटक. रिंग फिरली तेव्हा बोटं बधिर होती. पेट्रोलच्या लाइनचे क्विक कनेक्टर तर त्याहून हट्टी. प्लॅस्टिकचं विशेष हत्यार मिळतं, ते आत सारून कान दाबायचे असतात. कान दबत होते, पण आत वाळू होती. ब्रेक क्लीनर मारून, कपड्याने धरून, आत-बाहेर हलवत सोडवले. एकाची क्लिप तुटली. ती नवीन आणायला दुसरा दिवस गेला.

नवीन जोडी आत सोडताना तरंगणाऱ्या गोळ्याचा दांडा वाकू न देणं आणि रिंगखालचं रबर कोरं घालणं, ही दोन पथ्यं पाळली. जुनं रबर पेट्रोल पिऊन फुगतं, ते पुन्हा बसत नाही.

इंजेक्टरांचं काम मात्र एका दुपारचं. रेलचे बोल्ट काढले, रेल इंजेक्टरांसकट वर आली, ओ-रिंगांना इंजिन ऑइलचं बोट लावलं, नवीन बसवले. मंडळातला एक मित्र मदतीला आला होता. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे आणि घरचं काम असलं तरी टॉर्क रेंचशिवाय बोल्टला हात लावत नाही.

मग वायरिंग. इथं मी आळस केला. दुसऱ्या मॉड्यूलला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर ओढायची असते. गालिचे उचला, दारांच्या पट्ट्या काढा, इंजिनपासून मागपर्यंत वायर न्या. कंटाळा आला. मूळ वायरलाच जोड मारून दोन्ही मॉड्यूलं तिच्यावर लटकवली. गाडी सुरू झाली, आयडल सुरेख, पंपांचा आवाज बारीक शिट्टीसारखा. मी खूश.

ट्यूनरने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून देणाऱ्याने, ईमेलने फाइल पाठवली. इंजेक्टर बदलले की कॉम्प्युटरला नवा इंजेक्टर किती देतो आणि कमी व्होल्टेजला उघडायला किती उशीर लावतो, हे सगळं सांगावं लागतं. नाहीतर तो ४७ पाउंडांच्या इंजेक्टरला २४चा समजून दुप्पट पेट्रोल ओततो. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवून घेतला. कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर फक्त "जास्त" किंवा "कमी" एवढंच ओळखतो, किती ते त्याला कळत नाही.

एप्रिलमध्ये डायनोवर, म्हणजे जागच्या जागी चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी बांधली. टाकीत ९३ ऑक्टेनचं पेट्रोल. (पुण्याच्या चुलतभावाला वाटलं मी स्वस्तातलं भरतो, कारण तिकडं तेव्हा साधं पेट्रोलच ९१चं होतं. मोजायची पद्धत वेगळी आहे. इथलं ९३ म्हणजे तिकडच्या हिशेबाने जवळपास ९८.) बूस्टमध्ये मिश्रण ११.६च्या आसपास हवं होतं, म्हणजे एक भाग पेट्रोलला ११.६ भाग हवा. पाच हजार आरपीएमपर्यंत काटा तिथंच. त्यापुढं १२, मग १२.५, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. डायनोवाल्याने पाय काढला. मी बाहेर उभा होतो, मला आवाजात काहीच कळलं नव्हतं.

लॉग बघितला. रेलचा दाब ४०वरून ३१वर घसरलेला. कॉम्प्युटर पंपाला ५० टक्के ड्यूटी (किती जोराने चालायचं त्याचा हुकूम) सांगत होता, आणि फोर्डच्या या पद्धतीत ५० म्हणजेच पूर्ण जोर. म्हणजे दोन्ही पंप जीव तोडून फिरत होते आणि तरी पुरे पडत नव्हते. कागदावर तर दीडपट राखीव होता! मल्टिमीटर लावला. बॅटरीपाशी १३.९ व्होल्ट, मागं मॉड्यूलपाशी ११.३. अडीच व्होल्टांहून जास्त वाटेतच खर्च. निम्म्याहून जास्त त्या बारीक वायरीत, उरलेले मागच्या अर्थिंगच्या गंजक्या नटाखाली. पंप शेवटी डीसी मोटर; व्होल्टेज पडलं की फिरणं मंदावतं.

गालिचे उचलले. दहा गेजची वायर, बॅटरीपाशी ३० अँपिअरचा फ्यूज, मागं रिले, आणि अर्थिंगची जागा कोऱ्या पत्र्यापर्यंत घासून नवा नट. आता मॉड्यूलपाशी १३.५ मिळू लागले.

दुसऱ्यांदा डायनोवर गेलो ते पेढे वाटायच्या तयारीने. दाबाची रेषा ४०वर, पट्टीने आखल्यासारखी. ड्यूटी ३६ टक्के, म्हणजे पंप आरामात. आणि वाइडबँडचा काटा वर पुन्हा १२.९!

हे मला समजेना. दाब बरोबर, इंजेक्टर ७० टक्क्यांच्या आत उघडे, तरी मिश्रण पातळ. डायनोवाला वाइडबँडवर शंका घेऊ लागला, मी ट्यूनरवर, ट्यूनर माझ्यावर. घरी येऊन रात्री बाबांना फोन लावला. त्यांना टर्बो, सुपरचार्जर यातलं काही ठाऊक नाही, पण ऐकून घेतात. म्हणाले, "दाब चाळीस आहे म्हणतोस, ते कोण सांगतंय?"

"सेन्सर."

"आणि सेन्सरला कोण सांगतंय?"

मी थांबलो. या गाडीचा रेलवरचा सेन्सर नुसता पेट्रोलचा दाब मोजत नाही. पेट्रोल आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) यांच्या दाबातला फरक मोजतो, आणि त्यासाठी मॅनिफोल्डमधून त्याला बोटाएवढी रबरी नळी येते. कागद काढला. समजा बूस्टमध्ये ती नळी सुटली, तर सेन्सरला मॅनिफोल्डऐवजी बाहेरची हवा दिसणार. तो रेलमध्ये ४० ठेवणार आणि खूश होणार. इंजेक्टरसमोर मात्र ८ पीएसआय उभे, म्हणजे खरा फरक ३२. पेट्रोलची धार दाबाच्या वर्गमुळाने बदलते. ३२ भागिले ४०चं वर्गमूळ ०.८९. आणि ११.६ भागिले ०.८९ म्हणजे १३. वाइडबँड १२.९ दाखवत होता. वाइडबँड खरं बोलत होता.

रात्री साडेअकराला बॉनेट उघडलं. नळी जागेवर होती. हलकेच ओढली तर अलगद हातात आली. टोक कडक होऊन चिरलं होतं, आणि त्यावर क्लिप नव्हती. मूळ गाडीत तिथं कायम ओढ असते, म्हणून नळी आपोआप चिकटून राहते. बूस्टमध्ये तीच नळी फुंकली जाते. आयडलला सगळं ठीक, हायवेला ठीक, आणि जोर लावला की चिरेतून हवा बाहेर. सहा इंच नवीन नळी आणि दोन क्लिपा, खर्च चार डॉलर.

तिसऱ्यांदा ११.६ वरपर्यंत टिकला. चाकांवर ३९४ हॉर्सपॉवर. ट्यूनर म्हणाला छोटी पुली लावून आणखी काढता येतील. मी नको म्हटलं. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉड पावडर मेटलच्या आहेत, आणि आणखी दोन पीएसआयसाठी त्यांची परीक्षा बघायची माझी इच्छा नाही. बूस्टच्या नळ्यांचं क्लिप नसलेलं एकही टोक आता गाडीत उरलेलं नाही. मित्र हसतो, हसू दे.

एक खोड राहिली आहे. टाकी पावच्या खाली गेली आणि वळणावर जोर दिला, की पेट्रोल एका पोटात जाऊन बसतं आणि दाबाची रेषा क्षणभर थरथरते. त्यामुळे काटा पावला टेकायच्या आत मी पेट्रोल भरून घेतो. बाबांना व्हिडिओ पाठवला होता, डायनोवरच्या शेवटच्या फेरीचा. त्यांनी दोनदा बघितला म्हणे, आणि विचारलं, "प्लगचा रंग बघितलास का?"

बघितला नव्हता. शनिवारी काढतो.