पात्यामागची पोकळी

काल आमची जिवाणू वाढवायची टाकी (फर्मेंटर) रिकामी झाली तेव्हा मॅनहोलमधून टॉर्च मारून जुना इम्पेलर, म्हणजे आतला ढवळणारा पंखा, पुन्हा पाहिला. गोल चकती, कडेला ६ सपाट पाती. या प्रकाराचं नाव रश्टन टर्बाइन. मला त्यातली चकती फार आवडते. खालून आलेली हवा शाफ्टलगत सरळ वर पळायला बघते, तिला ही आडवी येते आणि पात्यांकडे वळवते. तिथे बुडबुड्यांचा चुरा होतो. ३० अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. जिवाणू तो बघता बघता संपवतात, म्हणून बारीक बुडबुड्यांतून तो सतत पुरवावा लागतो.

पण हवा फार वाढवली की सपाट पात्यामागे हवेची पोकळी धरते, मोटरवरचा भार कमी होऊन तिचे अँपिअर उतरतात, ढवळणं ढिलं पडतं. गेल्या पावसाळ्यात आमची एक बॅच अशीच गेली. मी हवा वाढवतच राहिलो होतो.

आता पन्हाळीसारखी वाकलेली पाती बसवतोय, पोकळ बाजू फिरण्याच्या दिशेला.