ड्रिफ्टच्या गाडीला हायड्रॉलिक हँडब्रेक बसवताना

कुपवाड एमआयडीसीत माझ्या चुलतभावाचं गॅरेज आहे. तिथेच आम्ही माझ्या जुन्या बीएमडब्ल्यू ई-४६ ला हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा हँडब्रेक बसवला. ही गाडी रस्त्यावर फिरवत नाही, ड्रिफ्टसाठी, म्हणजे वळणात मागची बाजू घसरवत चालवायला, ट्रेलरवरून ग्राउंडवर नेतो.

मूळचा हँडब्रेक केबलचा. मागच्या डिस्कच्या पोटात छोटे ब्रेक शू असतात, ते तो दाबतो. गाडी उभी करायला उत्तम, पण वळणात क्लच दाबून मागची चाकं झटक्यात लॉक करायला त्याचा जोर कमी पडतो. पार्किंगसाठी तो तसाच ठेवला.

एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आधीच काढलं होतं. पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य मास्टर सिलिंडरकडून मागे जाणारी लाइन हँडब्रेकच्या पाऊण इंची सिलिंडरमध्ये आणली आणि तिथून पुढे मागच्या कॅलिपरकडे, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या भागाकडे नेली. हँडब्रेकचा दांडा नुसत्या पत्र्यावर कसला तर ओढताना पत्राच वर येतो, म्हणून खालून जाड प्लेट लावली.

पहिल्यांदा पेडल दाबलं आणि जोडावर थेंब आला. कसला, पुन्हा थेंब. शेजारच्या लेथवाल्या मामांनी पाइपचं तोंड उजेडात धरलं. "आरं, हे डबल फ्लेअर हाय. तुझ्या गाडीला बबल लागतंय." फ्लेअर म्हणजे पाइपच्या तोंडाला दिलेला आकार; दुकानदाराने तयार पाइप चुकीच्या आकाराचा दिला होता. मामांनी नवीन तोंड करून दिलं, गळती थांबली.

खरा घोळ ग्राउंडवर झाला. तीन-चार फेऱ्यांत गाडी जड झाली, मागून जळका वास येऊ लागला. जॅकवर घेतली तर मागचं चाक हाताने हलेना. कॅलिपर अडकला असेल म्हणून पिना काढून साफ केल्या, ग्रीस लावलं, तरी तेच. मग भावाने मुख्य सिलिंडरजवळचा नट सैल केला, चाक घट्टच. हँडब्रेक सिलिंडरच्या पुढचा नट सैल केल्याबरोबर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे दाब या सिलिंडरच्या पुढेच कोंडला होता!

दांड्याचा जोर सिलिंडरच्या पिस्टनला देणारा पुशरॉड थोडा लांब राहिला होता. दांडा सोडला तरी पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता आणि परतीचं भोक सीलखाली झाकलेलं राहत होतं. पेडल दाबलं की ऑइल सीलच्या कडेवरून पुढे सरके, पण परत येईना. त्यात गरम होऊन ते फुगायचं. लॉकनट सोडून रॉड आत फिरवला, बोटांनी हलवल्यावर जेमतेम एक मिलिमीटर खेळ जाणवेल इतका.

मग नवीन सीलबंद डबा फोडून डॉट ४ ब्रेक ऑइल भरलं. उघडा राहिलेला डबा हवेतली ओल ओढतो, म्हणून जुना वापरला नाही. हवा आधी हँडब्रेक सिलिंडरच्या जोडातून काढली, मग कॅलिपरमधून. भाऊ दांडा ओढून धरायचा, मी हवा काढायचं निपल उघडून बंद करायचो, मगच तो सोडायचा. बुडबुडे थांबायला तासभर लागला.

पुढच्या रविवारी पुन्हा ग्राउंडवर गेलो. दांडा ओढला, मागची बाजू बाहेर आली. सोडला, चाकं मोकळी फिरली. आता गाडी ट्रेलरवरून उतरली की मी आधी रॉडचा खेळ बोटाने बघतो.