कर्नाळ्यात पंधराशे रुपयांचा 'नवरंग'

आधी पैशांचं सांगतो. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात कोणी गाइड "नवरंग पक्षी हमखास दाखवतो, नाही दिसला तर पैसे परत" म्हणालं, की तिथूनच रामराम करा. माझे पंधराशे गेले. मे संपत आलेला, ऐन विणीचे दिवस, आणि या बहाद्दर गाइडने पक्ष्याला फसवून बोलवायला मोबाइलवर नवरंगाची शीळ लावली! अर्ध्या तासाने पाचोळ्यात काहीतरी नारिंगी हललं. "बघा साहेब, नवरंग!" दोन सेकंदांत गायब. फोटो मोठा करून पाहिला तर गालावर दोन उभ्या काळ्या रेघा. कस्तूर! देखणा पक्षी आहे, पण पंधराशे त्याच्यासाठी मोजले नव्हते. पैसे परत मागितले तर म्हणे, "उजेड कमी होता, तुम्हालाच नीट दिसला नाही."

नवरंगाची पट्टी आडवी असते, डोळ्यावरून मानेपर्यंत, जाड आणि काळी. वर पांढरी भुवई, गळा पांढरा, पाठ हिरवी, खांद्यावर निळा डाग, पोट बदामी आणि बुडाशी कुंकवासारखा लाल. पण गर्द सावलीत हे सगळे रंग मातकट दिसतात, त्यामुळे रंगांच्या नादी लागू नका. शेपूट बघा. मैनेहून लहान, गुटगुटीत आणि शेपूट जवळजवळ नाहीच, असा दिसला तरच तो नवरंग.

परतताना वळवाने भिजलेल्या ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यावरून घसरलो. कोपर अजून दुखतंय. झिजल्या तळाचे बूट घालून अजिबात जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी हट्टाने एकटाच गेलो. गेट उघडायची वाट बघत हायवेच्या कडेला उभा होतो, ट्रक धडधडत होते, आणि तेवढ्यात झाडीतून नवरंगाची दोन सुरांची स्वच्छ शीळ आली. फुकट! पहाटे आणि तिन्हीसांजेलाच जास्त बोलतो म्हणून तमिळमध्ये त्याला 'आरुमणी कुरुवी' म्हणतात, सहा वाजताचा पक्षी. हिवाळा दक्षिण भारतात नि श्रीलंकेत काढून तो पावसाच्या तोंडावर इकडे येतो.

आत जाऊन एका मुळीवर वीस मिनिटं गप्प बसलो. डास फोडून काढत होते. मग तो आला, टुणटुण उड्या मारत. चोचीने पान उलटलं, गांडूळ ओढलं, ते तुटलं, उरलेल्यासाठी पुन्हा वाकला. उडाला तेव्हा पंखांत पांढरे ठिपके लख्ख दिसले.

फोटो नाही. लेन्सवर वाफ धरली होती.