सारियानंतरची गर्दी

पोर्तोमारीन, रात्री

स्पेनमध्ये सांतियागोला, संत जेम्सच्या समाधीच्या दर्शनाला पायी निघालोय. सारिया हे गाव सोडलं आणि वाट एकदम गजबजली. शाळांच्या सहली, कोरे करकरीत बूट, पाठीवर पाण्याच्या बाटलीपुरती सॅक. फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोरहून आठवडेच्या आठवडे चालत आलेल्या आमच्या मंडळींच्या कपाळावर आठ्या. जेवताना पुन्हा तोच विषय, खरा यात्रेकरू कोण? सामान गाडीने पुढे पाठवणारा तर नाहीच, असं एकाने ठणकावून सांगितलं.

नियम इतका कडक नाही. सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयातून 'कोंपोस्तेला', म्हणजे यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र, हवं असेल तर निदान १०० किमी पायी चालावे लागतात, सायकल असेल तर २००. सारिया सांतियागोपासून साधारण ११५ किमीवर, म्हणून सगळे तिथूनच निघतात. पाठीवर ओझं किती, हे कोणी विचारत नाही. का चाललात, हे मात्र विचारतात.

आणि सोवळंच पाळायचं तर आपणही कुठे बसतो त्यात? मध्ययुगातला माणूस घराच्या उंबऱ्यापासून निघायचा आणि दर्शन झालं की तेवढंच उलट चालत यायचा. आपण ७८० किमीचा तोरा मिरवतो, परतीचं विमानाचं तिकीट खिशात ठेवून! बरं, तेव्हाचे तरी सगळे भाविक कुठे होते? फ्लँडर्समधली न्यायालयं गुन्हेगारांना शिक्षा म्हणून या वाटेला लावत. पैसेवाले आपल्याऐवजी भाडोत्री माणूस धाडत.

दुसऱ्यासाठी चालणं आजही आहे, भाड्याविना. कोंपोस्तेलावर 'विकारिए प्रो' (अमक्याच्या वतीने) असं लिहून, जो येऊ शकत नाही त्याचं नाव घालून देतात. आज दुपारी भेटलेल्या बाई अशाच. सत्तरीच्या असाव्यात, गुडघ्याला पट्टा, सामान अर्थातच गाडीने. अंथरुणाला खिळलेल्या बहिणीसाठी चालतायत. दर थांब्यावर फोन, आणि पलीकडून प्रश्नांची सरबत्ती: चढ कसा होता, पूल केवढा आहे, नदीला पाणी किती?

१९६०च्या दशकात धरणाखाली जुनं पोर्तोमारीन बुडालं. त्याआधी इथलं चर्च दगड दगड सुटा करून वर आणून पुन्हा उभं केलं. दगडांवर तेव्हा घातलेले आकडे अजून आहेत, हे बहिणीने कुठेतरी वाचलेलं. म्हणून आम्ही वाद घालत बसलो होतो तेव्हा त्या बाई चर्चच्या भिंतीला नाक लावून आकडे शोधत होत्या आणि फोनवर मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मला हेवा वाटला. त्याच भिंतीशेजारी तासभर बसून मी पायाचे फोड तेवढे बघितले होते.

उद्या पालास दे रेईपर्यंत २५ किमी. आमची टोळी पुढच्या मुक्कामाला खाट मिळावी म्हणून पहाटे पाचला बॅटरी लावून पळत सुटते. त्या बाई मात्र उजाडल्याशिवाय निघत नाहीत. अंधारात बहिणीला सांगण्यासारखं काही दिसत नाही, म्हणतात. मी उद्या त्यांच्याबरोबर निघेन म्हणतेय. खाट नाही मिळाली तर बघू.