ब्लाऊज शिवणारीचं माप चुकलं

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरने मला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं आणि विचारलं, “काकू, परकराची नाडी कुठे बांधता?” नाडीची जागा आणि पोटाची वळी टाळून डावीकडे पेनाने फुली मारली. तीस वर्षं मी बायकांची मापं घेतली, त्या दिवशी माझं घेतलं गेलं. कॅन्सर गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाला होता, म्हणून खालची वाट शिवून कायमची बंद केली. आता पोटावर स्टोमा, म्हणजे मळ बाहेर यायला आतड्याचं टोक पोटावर काढून केलेलं तोंड, आणि त्याला पिशवी.

स्टोमा लालभडक, ओलसर. हात लावला तरी दुखत नाही. काळपट पडला तर मात्र लगेच यायचं, असं बजावलं होतं. ते भ्यायचं राहूनच गेलं, छळलं दुसऱ्याच गोष्टीने.

घरी येताना सिस्टरने फ्लँजला, म्हणजे स्टोमाभोवती कातडीला चिकटणाऱ्या पिशवीच्या चकतीला, ३८ मिलिमीटरचं भोक कापून दिलं. मी त्याचा कागदी पॅटर्न काढला आणि दीड महिना त्यावरच कापत राहिले. रात्री गळायचं, अंथरूण खराब. कातडी सोलवटली. मी वर खोबरेल तेल चोपडलं, तर फ्लँज चिकटेचना! तपासणीला गेले तेव्हा सिस्टरने मापाचं कार्ड लावलं : ३०. सूज उतरली की स्टोमा आक्रसतो, पहिले सहा-आठ आठवडे पुन्हा पुन्हा मोजायचं असतं. भोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सैल हवं, नाहीतर उघड्या कातडीला मळ लागून ती जळते. बाळंत होऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं ब्लाऊज मी जुन्या मापाने शिवलं असतं का?

खालची जखम भरायला पाच महिने लागले; आधी रेडिएशन झालं होतं ना. तोवर मशीनवर बसणं बंद. आणि गंमत म्हणजे, अजूनही कधीकधी संडासला लागल्यासारखं होतं. नसलेल्या वाटेने! डॉक्टर म्हणाले, होतं असं बऱ्याच जणांना.

दुसऱ्या वर्षी कापडाचा गठ्ठा उचलला आणि काही दिवसांनी स्टोमाभोवती फुगवटा दिसला. हर्निया. हाही नेहमीचाच म्हणे. त्रास नसेल तर लगेच कापाकापी नको, कारण तो परत येऊ शकतो. बाजारातला पट्टा काचायचा, म्हणून मीच शिवला, पिशवीपुरतं भोक ठेवून. बांधायचा मात्र आडवं पडूनच. उरलेल्या खणातून पिशवीला कव्हरही झालं.

फुगवट्यामुळे स्टोमा आता लांबट झालाय. गेल्या आठवड्यात नवा पॅटर्न काढला. हा चौथा.